फिलूबायच्या हाताला काय झालं

आमच्या वाडीत कोणाला ताप आला तर लोक पेज पाठवतात. पाय मुरगळला तर रिक्षा बघून देतात. पण कोणाच्या अंगाला खाज सुटली, की पेजही नाही नि रिक्षाही नाही. जो येतो तो एक कारण घेऊन येतो! आणि नुसतं कारण आणून गप्प बसतील तर ते आमच्या वाडीतले कसले? प्रत्येक कारणाला एक गजाल जोडलेली. "आमच्या आत्येच्या दिराक असाच झालेला..." इथून ती सुरू होते, आणि चहाचा टोप रिकामा झाला तरी आत्येचा दीर काही बरा होत नाही.

गेल्या वर्षी शेजारच्या फिलूबायच्या हातावर पुळ्या आल्या, तेव्हा अशा इतक्या गजाली जमल्या की फणसाच्या आठळांसारख्या टोपलीत भरून ठेवाव्यात. त्यातल्या निवडक सांगते.

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे. पलीकडे फिलूबाय नि तिचा नवरा पास्कूबाब, अलीकडे आम्ही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या गडग्यावर कोपर टेकून उभी आहे, असं आमचे हे म्हणतात. म्हणोत. लोक मला भोचकही म्हणतात. पण शेजाऱ्याचं काही कळूनच घ्यायचं नसेल, तर शेजार करायचा कशाला?

*

तर पहिल्यांदा बघितलं ते मीच.

फिलूबाय दोरीवर कपडे वाळत घालत होती, आणि दर चिमट्याआधी उजवा हात कमरेवर घासत होती.

"काय गो फिलूबाय, हाताक काय झाला?"

"काय नाय गो. वायच खाजता."

"बघू."

"बघण्यासारख्या काय आसा तेच्यात?"

"नाय तर दाखवूक काय जाता?"

तिने गडग्यावरून हात पुढे केला. अंगठा, शेजारची दोन बोटं आणि मधली कातडी. रव्याच्या दाण्यांसारख्या बारीक लालसर पुळ्या, काहींत पाणी धरलेलं. खाजवून खाजवून एक-दोन ठिकाणी कातडी सोललेली.

"जेनीच्या लग्नापर्यंत जातला मां गो ह्या?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता, हाताकडे बघत.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जेनी ही तिची एकुलती एक मुलगी, पणजीला नोकरीला. ईस्टर झाला की मे महिन्यात तिचं लग्न. आमच्यात जशी हळद, तसा ह्या लोकांत रोस. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला मांडवात बसवतात, नारळाचा दाट रस काढतात आणि तिच्या डोक्यावर घालतात. पहिला मान आईचा. आईने आधी आपल्या अंगठ्याने नवरीच्या कपाळावर तेलाचा क्रूस काढायचा, मग रस घालायचा. मग बाकीच्या बायका.

फिलूबायला तिच्या आईने घातलेला. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. "पण तो वास माझ्या केसांत आजून आसा," असं ती, जेनी फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून, मला सांगत आली आहे.

आता तो उजवा हात नुसता हात राहिला नव्हता.

*

पहिलं कारण अर्थातच काजू. हंगाम सुरू झालेला. ह्या दिवसांत आमच्याकडे कोणाचा हात धड असतो? काजीच्या सालीतला तो तेलकट डीक लागला, की कातडी काळी पडते, भाजल्यासारखी निघते. आम्ही राख नि खोबरेल लावून बसतो, त्याची चर्चासुद्धा करत नाही.

वाडीतली सगळ्यात जुनी माणूस म्हणजे जनाकाकी. तिने हात लांबूनच बघितला. "डीक. दुसरा काय?"

"काकी, ह्या वर्सा मी काजीक हात लावूक नाय. सगळा पास्कू करता," फिलूबाय म्हणाली.

"मगे वारो लागलो असतलो!"

काकी एकदा निदान करते ते करते. मग तिने गजाल सुरू केली. तिच्या पुतण्याची नवी बायको मुंबईची. पहिल्यांदा गावी आली, झाडाखाली पडलेली बी उचलली आणि ओठांत धरून दातांनी फोडली! बाजारातला काजू तिने पाहिलेला, त्याच्यावरचं कवच काय करतं ते तिला कोण सांगणार? संध्याकाळपर्यंत ओठ असे सुजले, की बिचारीला धड बोलता येईना. घरात सगळे घाबरले. कोणी तूप आणतंय, कोणी गाडी बघतंय.

आणि सासू शांतपणे विचारते, "ह्या झाड आपल्याच हद्दीतला मां?"

आम्ही पोट धरून हसलो. फिलूबायही हसली. पण हसताना उजवा हात पदराखाली नेऊन खाजवत होती, ते मी बघितलं.

*

दुसरं कारण पास्कूबाबचं. पास्कूबाब म्हणजे पूर्वी बोटीवर कुक. आता घरी. मुळात बोलणारा माणूसच नव्हे; दिवसभरात जेवढं बोलतो तेवढं आमची कोंबडी अंडं घालताना बोलते. पण स्वयंपाकाचा विषय निघाला की त्याला कंठ फुटतो.

"सुंगटां," तो म्हणाला. "सुंगटांची साला काडताना जां पाणी हाताक लागता, तेना होता ह्या."

बोटीवर त्याच्या हाताखाली एक मदतनीस होता. सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायला बसला की त्याच्या हातावर पुळ्या उठायच्या. लालबुंद. बोटीवरच्या डॉक्टरने लिहून दिलं, ह्याला हे काम देऊ नका. झालं! टोपलीच्या टोपली पास्कूबाबने एकट्याने सोलायची, आणि तो पोरगा बाजूला उभा राहून कांदा चिरायचा.

"आणि जेवताना?" मी विचारलं.

"जेवताना सगळ्यांच्या आधी ताट घेवन हजर! हाताक सोसणा नाय, तोंडाक काय्येक नाय!"

पण त्या दिवसापासून फिलूबायची कोळंबी पास्कूबाबने सोलायला घेतली. मागच्या पडवीत पाटावर बसून, चष्मा लावून. फिलूबायच्या हाताला काडीचा फरक पडला नाही. मात्र पुळ्या बऱ्या झाल्या असत्या तरी तिने ते त्याला एवढ्यात सांगितलं असतं, असं मला वाटत नाही!

*

मग आले हातमोजे.

फोनवर जेनीला कळलं तशी तिने पणजीहून गुलाबी रबरी हातमोजे पाठवले. "मम्मी, भांडी घासताना, कपडे धुताना घालायचे." माझंही तेच मत होतं. माझा पहिल्यापासून भांड्यांच्या पावडरीवर संशय. खरं सांगायचं तर मला भांडी घासायचा कंटाळा आहे, म्हणून असेल. माणूस ज्याला वैतागलेला असतो, त्याच्यावरच आधी आळ घेतो.

फिलूबाय मन लावून करणारी. भांडी घासताना मोजे, केर काढताना मोजे, विहिरीवर मोजे. आत घामाने हात उकडून निघायचा, खाज दुप्पट. तरी काढायची नाही. शेवटी एके सकाळी मोजे घालूनच मासळीला गेली.

बाजारात आमची नेहमीची मासेवाली. तिच्यासमोर बसून फिलूबायने गुलाबी हाताने बांगडा उचलला, कल्ला उघडून बघितला, परत ठेवला. दुसरा उचलला. मासेवाली नुसती बघत राहिली. मग म्हणाली,

"बाये, मासो इकत घेतंस काय तेचा ऑपरेशन करतंस?"

सगळा बाजार हसला. फिलूबायने मोजे तिथेच काढून पिशवीत टाकले. घरी येताना मला म्हणाली, "हसले तां चल्ला गो. पण मोजे काडल्यार तिना माझो हात बघल्यान, आणि सुटे पैसे माझ्या हातात देवच्या बदली टोपलेच्या काठार ठेवल्यान."

हे मात्र मी बघितलं नव्हतं. माझ्या नजरेतून सुटलेली अशी एखादीच गोष्ट असते, आणि ती नेमकी अशीच.

*

जनाकाकीच्या मते कारणं झाली, मोजे झाले, आता गाऱ्हाणं घालायला हवं. आमच्याकडे काही अडलं की देवाला नारळ ठेवून जोरात सांगायची पद्धत आहे. काकी नारळ घेऊन सरळ फिलूबायच्या अंगणातच येऊन उभी राहिली! मी धावत गेले. म्हटलं, काकी, त्यांचा देव वेगळा, त्यांना विचार तरी.

"खाज येगळी आसा काय?" काकी म्हणाली.

मग काय बोलणार? काकीने डोळे मिटले. "बा देवा महाराजा! ही तुझ्या देवळात येणा नाय, पण तुझ्याच वाडीत ऱ्हवता. तुझ्याच विहिरीचा पाणी पिता..."

आता मध्ये मध्ये "व्हय महाराजा" म्हणायला माणसं लागतात. आमचे हे कामावर. मी एकटीच. मी म्हटलं, "व्हय महाराजा." आवाज काही जमेना.

"हिच्या हाताची जी काय इडापिडा आसात, ती काजीच्या झाडार जावंदे..."

"व्हय म्हाराजा!"

असा मोठा पुरुषी आवाज आला की काकीनेसुद्धा एक डोळा उघडला. मागे पास्कूबाब! गळ्यात क्रूस, हातात अर्धवट सोललेली कोळंबी.

नंतर मी विचारलं, "पास्कूबाब, तुमी कसे काय?"

"अर्ज जितक्या ऑफिसांत जायत तितको बरो," तो म्हणाला आणि पडवीत जाऊन पुन्हा सोलायला बसला.

*

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग म्हापशाहून इझाबेल आंटी आली.

इझाबेल आंटी ही पास्कूबाबची मोठी बहीण. ह्यांची आई लवकर गेली, तेव्हा ह्या बहिणीने धाकट्या भावाला वाढवलं, स्वतःचं लग्न त्यासाठी लांबवलं. त्यामुळे ह्या घरात तिचा शब्द म्हणजे शब्द. चांगली बाई. येताना कधी रिकाम्या हाताने येत नाही. फक्त तिचा आवाज चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, आणि तो ती घरातही कमी करत नाही.

आल्या आल्या तिने हात बघितला. "अगो फिलू! ही खरूज गो!"

संपलं. काजू, कोळंबी, पावडर ही कारणं आपल्यापुरती राहतात. खरूज म्हटलं की ती दुसऱ्याची होते. लागते ना!

त्याच संध्याकाळी वाडीतल्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, त्यांची तेर्साची प्रार्थना होती. माळेचा एकेक मणी सरकवत सगळी मिळून म्हणतात. ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस, त्यामुळे माणसं बरीच. प्रार्थना झाली की उकडलेले चणे वाटतात, आणि त्या दिवशी वाटायची पाळी फिलूबायची. ती टोप घेऊन उभी. मीही गेले होते. चण्यांना मी नाही म्हणत नाही.

एक म्हणाली, "नको गो, आत्ताच खावन इलंय." दुसरी म्हणाली, "माका पित्त झाला." तिसरीने घेतले, पण रुमालात बांधून ठेवले.

इतक्या बायकांची पोटं एकाच संध्याकाळी कशी काय भरली, देव जाणे!

मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. म्हटलं, "भर." तिथेच उभी राहून सगळे खाल्ले. फिलूबायने टोपावर झाकण ठेवलं, आणि आम्ही दोघी घरी आलो.

इझाबेल आंटी म्हापशाला परत जाताना गडग्यापाशी थांबून मला सांगून गेली, "रोस ह्या खेपेक मीच घालतलंय. फिलूचो हात असो. चेडवाच्या आंगाक लागलो तर?"

फिलूबाय मागेच उभी होती. तिने ऐकलं.

*

दुसऱ्या दिवशी मी तिला कणकवलीच्या गाडीत बसवलं. मीही बसले, हे सांगायला नकोच. तिथे कातडीचा एक तरुण डॉक्टर आहे. त्याने हात दिव्याखाली धरला, भिंगातून बघितलं.

"रात्री खाज जास्त येते का?"

"नाही," मी म्हटलं. "संध्याकाळी जास्त."

"घरात अजून कोणाला आहे?"

"नाही. नवरा ठणठणीत आहे."

"साबण बदललात?"

"नाही हो. पावडर मात्र—"

डॉक्टरने भिंग खाली ठेवलं. "एक मिनिट. तुमच्यापैकी पेशंट कोण?"

फिलूबाय म्हणाली, "हात माझो, तोंड तिचा!"

डॉक्टर हसला. मग नीट समजावून सांगितलं त्याने. खरूज असती तर बहुतेक रात्री झोपू दिलं नसतं, आणि एव्हाना घरातल्या दुसऱ्या कोणाला झाली असती. तशा खुणाही दिसत नाहीत. हे दुसऱ्याला लागणारं नाही. कुठल्यातरी वस्तूला हात लागतो आणि तुमच्या कातडीला ती चालत नाही. झाडाचा चीक असेल, रंग असेल, साबण, रबर, धातू, काहीही. "डाव्या हाताला काहीच नाही, बघा. उजव्या हाताची तीनच बोटं. ह्या तीन बोटांत तुम्ही रोज काय धरता, ते शोधा. मलम देतो, पण ती वस्तू हातात राहिली, तर मलम किती पुरणार?"

बाहेर आल्यावर फिलूबाय म्हणाली, "लागणारा नाय म्हणालो, आयकलंस मां तू?"

हे तिने गाडीत तीनदा विचारलं असेल.

*

मग मी कामाला लागले. तीन बोटांत ती काय काय धरते! सकाळपासून गडग्याशी उभी. पळी धरली, पण ती जुनी. सुई धरली, पण रोज नाही. फोनवर बोट फिरवते, पण अंगठा कुठे? कोंबड्यांना दाणे टाकते, ते मुठीने.

पास्कूबाब पडवीतून म्हणाला, "सुनंदा, पोलिसात भरती झालंस काय गो?"

संध्याकाळी ती खुरसाकडे निघाली तशी मीही निघाले. ती गुडघे टेकून बसली. माळ काढली. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. एक मणी. दुसरा मणी. मध्ये बारीक साखळी, चांदीसारखी चकचकीत. घामाने ओल्या बोटांतून ती साखळी सरकत होती, आणि तिचे ओठ हलत होते.

प्रार्थना होईपर्यंत मी कशी गप्प बसले, माझं मला माहीत.

"फिलूबाय, ही माळ खंयची?"

"इझाबेलीन दिल्यान. जेनीच्या साखरपुड्याक."

"आणि तुझी जुनी? लाकडाची?"

"कपाटात." मग ती थांबली. माळेकडे बघितलं. हाताकडे बघितलं. वाटेतच, फणसाच्या बुंध्याला टेकून ती हळूहळू खाली बसली.

"अगो," ती म्हणाली, "मी हात बरो होवंदे म्हणान रोज तेर्स म्हणतंय. जितक्या खाजता तितक्या जास्त म्हणतंय!"

मला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं. तिने मात्र माळ पदराच्या टोकात गुंडाळली. मग म्हणाली, "म्हणजे तो आयकी नाय असा नाय. तो सांगी होतो, पयली ती माळ खाली ठेव म्हणान. मीच उसंत देयनासलंय."

पुढच्या खेपेला डॉक्टरने माळ बघून विचारलं, "नकली दागिने घातले तर कान चिघळतात का?" ह्या वेळी मी तोंडावर पदर धरून बसले होते. फिलूबाय म्हणाली, "चिघळतात. म्हणून मी सोन्याशिवाय घालत नाही." ह्या साखळीतही तोच धातू असणार, असं तो म्हणाला. सगळ्यांना होत नाही, काहींच्या कातडीला चालत नाही. माळेचा दोष नाही आणि कातडीचाही नाही.

लाकडी माळ कपाटातून बाहेर आली. पुळ्या हळूहळू सुकायला लागल्या.

"आता इझाबेल आंटीक फोन कर," मी म्हटलं. "सांग तिका, तुझ्याच माळेन झाला ह्या सगळा!"

"नाय हां. आणि तूय खंय बोला नको."

"कित्याक? तिनाच तुका खरूज म्हटल्यान मां?"

"तिना ती माळ दिल्यान तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होता, सुनंदा. तिचा स्वताचा लगीन झाला नाय वेळार, पण जेनीचा होता म्हणान. आता तिका काय सांगू, तुझ्या माळेन माका पुळयो इल्यो?"

मला ओळखणारी माणसं समजू शकतील. एवढी मोठी गोष्ट पोटात घेऊन मी लग्नापर्यंत वाडीत वावरले! पास्कूबाबला तेवढी तिने सांगितली होती. त्याने ऐकून घेतलं आणि पुढची कोळंबी सोलायला घेतली.

*

आणि रोसाचा दिवस आला.

हात बरा झाला होता, पण गोरा नव्हता. पुळ्या होत्या तिथे कातडी काळवंडलेली, खरबरीत. बघणाऱ्याला वाटावं, अजून आहे काहीतरी. इझाबेल आंटी दोन दिवस आधीच आलेली. फिलूबायने तिला सांगून बघितलं, "दाक्तर म्हणता लागणारा नाय."

"दाक्तर खंय रोसाक येता? बायलो येतल्यो. तेंका कोण सांगतलो?" आंटी म्हणाली. रागाने नाही, समजुतीनेच. "चेडवाचो दीस आसा, फिलू. उगाच कोणी बोट दाखवूक नको."

फिलूबायने मान हलवली. मला म्हणाली, "घालूंदे तिना. तिनाय आवशीसारख्याच केल्यान पास्कूचा. मी मागसून घालीन." आणि नारळ खवायला बसली. जेनीला कोणी विचारलंच नाही.

अंगणात झापांचा मांडव. मधे स्टूल. त्यावर जेनी, जुना फ्रॉक घालून, केस मोकळे सोडून. बाजूला मोठ्या टोपात पांढराशुभ्र रस, बशीत तेल. बायका गोल करून उभ्या, जनाकाकी पुढच्या रांगेत खुर्चीवर. इझाबेल आंटीने बाह्या वर केल्या, वाटी उचलली आणि रोसाचं गाणं सुरू करायला घसा साफ केला.

तेवढ्यात पास्कूबाब आला. पाहुण्यांसाठी नवा पांढरा शर्ट घातलेला, पँटला कडक इस्त्री. बायकांच्या गोलात तो कधी येत नाही. सरळ मधे आला.

"जेनी, सर गो वायच."

जेनी उठली. तो स्टुलावर बसला.

"पास्कू, ह्या काय?" आंटी म्हणाली.

"फिलू, हंय ये. पयलो माका घाल."

"तुका? अरे, रोस न्हवरेक घालतत, न्हवऱ्याक घालतत. बापाशीक कोण घालता?"

"हात तिचो लागणारो आसा काय नाय, ता कळाक नको?" पास्कूबाब म्हणाला. इतकं लांब वाक्य त्याने कोळंबीशिवाय कधी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. "तुमी सगळी बघा. माका काय झाला, तर जेनीक घालू नको."

मांडवात कोणी हलेना. आंटीच्या हातातली वाटी तशीच. फिलूबाय दारात उभी होती, ओल्या हातांनी. ती आली. अंगठा तेलात बुडवला आणि नवऱ्याच्या टकलाखालच्या कपाळावर क्रूस काढला. मग आंटीच्या हातातली वाटी घेतली, टोपातून भरली, आणि त्याच्या डोक्यावर उपडी केली.

रस त्याच्या कपाळावरून मिशीत, मिशीतून नव्या शर्टात. त्याने डोळे मिटून घेतले. तिने दुसरी वाटी घातली. तिसरी. त्या काळवंडलेल्या बोटांनी त्याचं डोकं चोळायला लागली, मान चोळायला लागली.

"हल नको," ती म्हणाली. "कानामागे ऱ्हवला."

जनाकाकी खुर्चीतून ओरडली, "व्हय महाराजा!" आणि अख्खा मांडव हसला. आंटीसुद्धा हसायला लागली, आणि हसता हसता तिनेच रोसाचं गाणं उचललं. बायका मागून म्हणू लागल्या. फिलूबाय थांबेना. वाटी भरायची, ओतायची, चोळायची.

शेवटी जेनी पुढे झाली आणि बापाच्या खांद्याला धरून त्याला स्टुलावरून ढकलायला लागली.

"मम्मी! सगळो पप्पाकच घातलंस तर माका काय ऱ्हवतला?"